हात पोचेल तिथे

नवे घर घेतले की पाहुणे आधी दिवाणखान्याचे कौतुक करतात, मग स्वयंपाकघरात डोकावतात आणि निघता निघता हळूच विचारतात, "फर्निचरला किती पडले हो?" कोथरूडच्या चौथ्या मजल्यावरच्या आमच्या घराला हे तिन्ही मान मिळून गेले होते. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि एक चिंचोळी गॅलरी, सगळे मिळून सहाशे चौरस फूट. जागा थोडी, म्हणून आम्ही भिंती जमिनीपासून छतापर्यंत कपाटांनी मढवून घेतल्या होत्या. एक इंचही जागा वाया गेली नाही, याचा मला फार अभिमान होता. येईल त्याला मी एकेक दार उघडून दाखवीत असे.

त्या अभिमानाला तडा गेला तो लोणच्याच्या एका बरणीमुळे. ती हकीकत सांगते, कारण घर कसे मांडावे याचा जो धडा मला मिळाला, तो त्या बरणीपासून सुरू होतो.

माझे सासर मुळशी तालुक्यातले रिहे. पुण्याहून पौड रस्त्याने पिरंगुटला यावे, तिथून घोटवड्याकडे वळावे आणि घोटवडे मागे टाकले की डोंगरांच्या मधोमध रिहे खोरे लागते. भाताचा मुलूख. पावसाळ्यात चार महिने चुलीशेजारची भिंत सोडली तर घरात कोरडे असे काही राहत नाही. आमचे घर खोऱ्यातल्या इतर जुन्या घरांसारखेच होते. दगडमातीच्या जाड भिंती, वर मंगलोरी कौले, पुढे पडवी, आत माजघर, एका अंगाला चूल आणि दुसऱ्या अंगाला गोठा. २०२४ च्या जुलैअखेर असा पाऊस झाला की, इकडे पुण्यात सिंहगड रस्त्याला एकतानगरीतल्या घरांत पाणी शिरले. त्याच पावसात रिह्याच्या घराची मागची भिंत एका रात्रीत बसली. सुदैवाने माणसे बचावली. धाकट्या दिरांनी शेजारीच स्लॅबच्या दोन खोल्या बांधल्या होत्या, पण त्यांत त्यांचीच पाच माणसे. म्हणून आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, आम्ही पुण्याला घेऊन आलो.

आत्याबाई तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या होत्या. उंची चार फूट नऊ इंच. आल्या त्या एक कापडी पिशवी घेऊन. तीत दोन लुगडी, पोथी, चष्म्याचे घर, मिसरीची डबी आणि मामंजींचा एक फोटो. मी त्यांना शयनगृहातल्या कपाटाचा एक कप्पा रिकामा करून दिला. कोणता? तर सगळ्यात वरचा. खालचे आमचे आणि मुलीचे कपडे हलवणे गैरसोयीचे होते, हे आज कबूल करायला हवे. आत्याबाई काही बोलल्या नाहीत. पिशवी त्यांनी दाराच्या कडीला अडकवली आणि तिथेच राहू दिली. मी एकदोनदा म्हटले, "आत्याबाई, आता सामान लावून टाका ना." त्यावर त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे गं. हाताशी बरी." माझी समजूत अशी, की त्यांचे मन इथे लागत नाही, म्हणून परत जायची तयारी करून बसल्या आहेत. ज्या बाईला घरात हात पुरेल असा एकही कप्पा नाही, ती सामान कुठे लावणार, हे काही माझ्या ध्यानात आले नाही.

गौरी जेवणाच्या दिवशी पानावर लिंबाचे लोणचे वाढायचे राहिले. मी बाहेर सवाष्णींच्या पंक्तीत गुंतलेली. आत्याबाईंनी कुणाला हाक मारली नाही. प्लॅस्टिकचे स्टूल ओढले, त्यावर चढल्या आणि वरच्या तिसऱ्या फळीवर हात घातला. स्टूल कलंडले. बरणी फुटली आणि आत्याबाईंच्या उजव्या मनगटाचे हाड मोडले. डॉक्टरांनी सहा आठवड्यांचे प्लास्टर घातले आणि सहज म्हणून मला विचारले, "रोज लागणारी बरणी इतक्या वर का ठेवली होती?"

एरवी वर्गात साठ मुलांसमोर तासभर बोलणारी मी. या एका प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही.

अंधारातला कोनाडा

ऑक्टोबरात दिरांचा निरोप आला. उरलेले घर पुढच्या पावसाच्या आत उतरवून घ्यावे लागणार होते. त्यापूर्वी काय हवे ते घेऊन जा, असे त्यांचे म्हणणे. आम्ही एका शनिवारी दुपारी आत्याबाईंना घेऊन निघालो. पोचेपर्यंत संध्याकाळ झाली आणि उतरलो तोच वीज गेली.

मागची बाजू ढासळलेली, म्हणून आत्याबाईंना आम्ही आत जाऊ दिले नाही. गळ्यात हात अडकवून त्या पडवीतल्या ओट्यावर बसल्या. यजमान माझा मोबाइल घेऊन गाडीकडे गेलेले. अंधारात मी माजघराच्या उंबऱ्यावर उभी राहिले तशा त्या बाहेरून म्हणाल्या, "चुलीच्या डाव्या अंगाला, कंबरंएवढी एक देवळी हाय. हात घाल. काडेपेटी असंल."

मी चाचपत गेले. हात भिंतीवरून सरकला आणि अलगद पोकळीत शिरला. आत काडेपेटी होती आणि तिच्या शेजारी चिमणी. अडीच महिने घर बंद होते, तरी काडेपेटी दमट झाली नव्हती, कारण ती देवळी चुलीच्या भिंतीत होती.

मग त्या बसल्या जागेवरून एकेक वस्तू सांगत गेल्या. अडकित्ता कुठे, विळी कुठल्या खुंटीला, मापट्याचा शेर कुठल्या कोपऱ्यात, सुईदोऱ्याची डबी कुठल्या फडताळात. चिमणीच्या उजेडात मी सात वस्तू आणल्या. एकीसाठीही मला दुसऱ्यांदा विचारावे लागले नाही. माझ्या स्वतःच्या घरात दिवसाढवळ्या कात्री शोधताना तीन दारे उघडावी लागतात.

सकाळी मी टेप काढली आणि भिंती मोजल्या. रोजच्या वापराचे सगळे कोनाडे आणि खुंट्या जमिनीपासून दीड फुटाच्या वर आणि साडेचार फुटांच्या खाली होत्या. कोनाड्याची खोली जेमतेम एक वीत, म्हणजे नऊ इंच. त्यात एकामागे एक अशा दोन वस्तू राहूच शकत नव्हत्या. साडेचार फुटांच्या वर होते ते वर्षाचे सामान. माळ्यावर गोवऱ्या, जादा टोपल्या, लग्नाकार्याची भांडी. ते उतरवायला घरातला तरणा गडी शिडी लावून चढायचा.

"हे कुणी ठरवलं?" मी विचारले.

"ठरवायचं काय त्यात?" आत्याबाई म्हणाल्या. "भित चढत असली की गवंडी माझ्या आजेसासूला उभी करायचा. हात लांब कर म्हणायचा. हात पोचंल तिथं खूण. ती बी माझ्यावानीच बुटकी."

मोठ्यांची मापे

आपल्याकडे लांबी मोजायची मापेच मुळी शरीराची होती. चार बोटे, मूठ, वीत, हात, पुरुषभर. फूटपट्टी आली आणि माप माणसापासून सुटले. पश्चिमेकडे मात्र विसाव्या शतकातल्या काही मोठ्या वास्तुशिल्पज्ञांनी ते पुन्हा माणसाला बांधायचा प्रयत्न केला. चंडीगढचा आराखडा करणाऱ्या ल कार्बुझिए यांनी १९४० च्या दशकात 'मॉड्युलॉर' नावाची मापपद्धती सिद्ध केली. तीत १.८३ मीटर उंचीचा माणूस हात वर करून उभा आहे आणि त्याचा हात २.२६ मीटरवर पोचतो. १९५२ मध्ये फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर त्यांनी स्वतःसाठी एक लाकडी खोपटे बांधले, तेही याच मापाने. लांबीरुंदी ३.६६ मीटर, म्हणजे बारा फूट बाय बारा फूट, आणि उंची २.२६ मीटर. झोपणे, बसणे, लिहिणे सगळे तेवढ्यात. कल्पना आमच्या गवंड्याचीच. फरक एवढाच, की त्यांनी उभा केलेला माणूस सहा फुटी पुरुष होता, आणि आमच्या गवंड्याने उभी केली होती घरात प्रत्यक्ष राबणारी बाई.

दुसरे उदाहरण स्वयंपाकघराचे. १९२६ मध्ये जर्मनीतल्या फ्रँकफुर्ट शहरात कामगारांसाठी हजारो घरे बांधली जात होती. त्यांच्यासाठी मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन वास्तुशिल्पकार बाईंनी एक छोटे स्वयंपाकघर रचले. सुमारे १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब. आगगाडीतल्या भोजनाच्या डब्यातले चिमुकले स्वयंपाकघर त्यांच्या डोळ्यांपुढे होते. गृहिणीची किती पावले वाचतील याचा त्यांनी हिशेब केला; साखर, डाळी यांसाठी तोटी असलेले, नावे घातलेले धातूचे खण केले; कामाच्या ओट्याशी बसायला फिरते स्टूल दिले. आज आपण ज्याला मॉड्युलर किचन म्हणतो, त्याची ही आजी. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे त्या शहरात बसवली गेली. पुढे म्हातारपणी त्या बाईंनी मोकळेपणाने सांगितले, की हे रचण्यापूर्वी आपण कधी स्वयंपाक केलेला नव्हता! बुद्धी आणि अभ्यास यांच्या जोरावर त्यांनी जे साधले, ते थोर आहेच. पण रिह्याच्या चुलीशेजारची देवळी ही अभ्यासाची नव्हती, सवयीची होती.

तिसरे उदाहरण घरचेच देते. मुळशी-मावळातली कितीतरी माणसे पोटासाठी मुंबईला गेली. कुणी गिरण्यांत, कुणी डबे पोचवायला. यजमानांचे चुलते वरळीच्या बीडीडी चाळीत राहत. या चाळी मुंबई सरकारच्या विकास खात्याने १९२० च्या दशकात बांधल्या. एकेक खोली सुमारे १६० चौरस फुटांची. चुलत्यांच्या खोलीत नऊ माणसे होती. पलंगाच्या चारी पायांखाली विटा रचून तो इतका उंच केलेला, की खाली पेट्या मावून दोन मुले झोपत. छताला कप्पीने वरखाली होणारी कपड्यांची दांडी. मोरीवर पोटमाळा. दाराच्या पाठीवर खुंट्या, आणि कुणाची कुठली खुंटी हे ठरलेले. पाहुणा आला तर त्यालाही एक खुंटी मिळे, चुलती म्हणायची, "खुंटी दिली म्हंजी माणूस घरातला झाला." आता त्या चाळींच्या जागी ५०० चौरस फुटांची घरे देण्याची योजना आहे. तिथे राहायला जाणाऱ्या बायकांनी ती दांडी आणि त्या खुंट्या विसरू नयेत, असे मला मनापासून वाटते.

आमच्या घरात काय केले

आता वाचक म्हणतील, बाई, हे ऐकायला छान आहे, पण सिमेंटच्या घरात कोनाडे कुठून आणायचे? हाच प्रश्न मलाही पडला होता. तेव्हा आम्ही काय केले ते क्रमाने सांगते. खर्च झाला तो एका सुताराच्या चार दिवसांच्या मजुरीचा आणि थोड्या खिळे-स्क्रूंचा. लाकूड रिह्याच्या माळ्याच्या फळ्यांचे. त्या आणून आधी गच्चीवर आठ दिवस कडक उन्हात टाकल्या, वाळवी लागलेली टोके कापून काढली आणि जवसाचे तेल दोनदा पाजले. जुने लाकूड वापरणाऱ्यांनी ही काळजी घेतलीच पाहिजे. नाहीतर गावची वाळवी शहरात पाहुणी येते.

कोनाडा. सिमेंटच्या घराच्या भिंती चार ते सहा इंचांच्या. त्या पोखरायच्या नाहीत, आणि खांब-तुळयांना तर छिन्नी लावायचीच नाही. पण जरा नीट पाहिले, तर बहुतेक खोल्यांत काँक्रीटचा खांब भिंतीच्या पुढे आलेला असतो आणि त्याच्या शेजारी वीतभर खोलीची जागा फुकट गेलेली असते. तोच तुमचा कोनाडा. आम्ही तिथे नऊ इंच खोलीच्या उघड्या फळ्या बसवल्या, दीड फुटापासून साडेचार फुटांपर्यंत. दार नाही. मागच्या भिंतीला पांढरा रंग दिला, कारण गावाकडे देवळीच्या आत चुना लावत, तो शोभेसाठी नव्हे, दिव्याचा उजेड परतून यावा म्हणून. खोल कपाटापेक्षा उथळ फळीत वस्तू कमी मावतात हे खरे. पण खोल कपाटात मागे गेलेली वस्तू आपल्याकडे असून नसल्यासारखीच. मला माझ्या कपाटांच्या मागच्या रांगेत हिंगाच्या तीन डब्या सापडल्या. एक संपली म्हणून दुसरी, दुसरी दिसेना म्हणून तिसरी!

उतरंड. मडक्यांच्या उतरंडीत मोठे, जड खाली आणि लहान, हलके वर. हा नियम आपण कपाटाला लावत नाही. आम्ही स्वयंपाकघराचे तीन भाग केले. गुडघ्यापासून कमरेपर्यंत जड वस्तू : कुकर, परात, पिठाचा डबा. कमरेपासून खांद्यापर्यंत रोजच्या वस्तू : मसाल्याचा डबा, चहा-साखर, तेल आणि अर्थात लोणच्याची बरणी. खांद्याच्या वर फक्त सणावाराचे : चकलीचा सोऱ्या, मोदकपात्र, जादा ताटे. आणि खांदा कुणाचा, तर घरातल्या सगळ्यात ठेंगण्या माणसाचा. उंच माणसाला थोडे वाकावे लागते, पण वाकून कुणाचे मनगट मोडत नाही. वरच्यासाठी रुंद पायऱ्यांची लोखंडी घोडी आणली. चढायचे ते फक्त यजमानांनी किंवा मुलीने. प्लॅस्टिकचे स्टूल भंगारवाल्याला दिले.

ओट्याची उंची. आमचा ओटा चौतीस इंच उंच. उभ्याने काम करायचा ओटा कोपरापेक्षा चार ते सहा इंच खाली असला, तर खांदे भरून येत नाहीत. हा हिशेब केला तर आत्याबाईंना तो तीस-बत्तीस इंचांचा हवा. ओटा काही फोडता येत नव्हता, आणि पायाखाली पाट घेणे म्हणजे पुन्हा पडण्याला आमंत्रण. म्हणून खिडकीशी बिजागरीची एक फळी बसवली. वर उचलली की अठ्ठावीस इंच उंचीचे टेबल होते, काम झाले की भिंतीला टेकते. समोर खुर्ची. भाजी निवडणे, पोळ्या लाटणे हे सगळे त्यावर बसून होते. आता माझीही सवय तीच झाली आहे.

खुंट्या. भिंतीला जागोजागी भोके पाडण्याऐवजी पाच फुटांची एकच फळी चार स्क्रूंनी घट्ट बसवली आणि तिच्यावर आठ लाकडी खुंट्या ठोकल्या. उंची साडेचार फूट. प्रत्येकाच्या दोन खुंट्या. छत्री, पिशवी, मुलीचे हेल्मेट आणि आत्याबाईंची जपमाळ. खुर्च्यांच्या पाठीवर लोंबणारे कपडे त्या दिवसापासून दिसेनासे झाले.

शिंकाळे. गावाकडे दुधा-लोण्याला मांजर आणि मुंगी यांपासून वाचवायला आढ्याला शिंकाळे टांगत. आता दूध फ्रिजमध्ये असते. पण कांदे, बटाटे, लसूण यांना हवा लागते आणि बंद कप्प्यात ते सडतात. गॅलरीच्या दाराशी, ऊन लागणार नाही अशा जागी, एकाखाली एक तीन टोपल्या टांगल्या. आकडा स्लॅबमध्ये पक्का बसवून घ्यावा. शोभेच्या खोट्या छताला वजन टांगू नये.

बिछाना. रिह्याला दिवसा वाकळी घडी करून दांडीवर जात आणि माजघर मोकळे होई. आमच्याकडे जादा पांघरुणांनी अख्खा एक कप्पा अडवला होता. आता गोधड्यांची घट्ट गुंडाळी करून ती लोडाच्या अभ्र्यात भरतो. दिवसा टेकायला लोड, रात्री पांघरायला गोधडी. आत्याबाईंची लग्नातली लोखंडी पेटी चार इंची लाकडी चौकटीवर ठेवली आणि वर गादी घातली. खिडकीशी अठरा इंच उंचीची बैठक झाली. फार खाली बसले की गुडघे कुरकुरतात. या उंचीवरून त्या आधाराशिवाय उठतात. आणि पेटी जमिनीपासून वर असल्याने तिच्या बुडाला ओल धरत नाही.

ओल. कणगी दगडांवर ठेवायची, भिंतीला टेकवायची नाही, हा मुळशीतला साधा नियम. पावसाळ्यात आमच्या बाहेरच्या भिंतीलगतच्या कपाटातल्या पुस्तकांना बुरशी येई. ते कपाट चार बोटे पुढे ओढले, खाली लाकडी ठोकळे दिले आणि वारा खेळू दिला. पुढच्या पावसाळ्यात एकही पुस्तक खराब झाले नाही.

रात्रीची वाट. बिछान्यापासून न्हाणीघरापर्यंत गुडघ्याएवढ्या उंचीवर दोन बारीक दिवे लावले. ते डोळ्यांवर येत नाहीत, पण पाऊल दिसते. सुट्या सतरंज्या वाटेतून उचलल्या. न्हाणीघरात धरायला पक्की दांडी बसवली. टॉवेलच्या दांडीचा आधार घेऊ नये, ती माणसाच्या भाराची नसते.

घंगाळ

एका बाबतीत माझे आणि आत्याबाईंचे वाजले. रिह्याहून आणलेले पितळी घंगाळ मी चिंचेने लख्ख घासले, दिवाणखान्यात मधोमध मांडले आणि त्यात सुकी फुले खोचली. मासिकांत असे फोटो मी पाहिले होते. पाट्याचा दगड गॅलरीत ठेवून त्यावर कुंडी ठेवायचा बेत होता.

आत्याबाई बराच वेळ त्या घंगाळाकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "माणूस गेल्यावर फोटोला हार घालत्यात, तसं दिसतंय ते."

मला राग आला. राग येण्याचे कारण असे, की त्या बोलल्या ते खरे होते. पुण्यात शुक्रवार पेठेत राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. दिनकर गंगाधर केळकरांनी आपल्या अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, स्मरणार्थ ते उभे केले आणि १९७५ मध्ये महाराष्ट्र शासनाला देऊन टाकले. दिवे, अडकित्ते, भांडी, दरवाजे. आपल्या घरांतून उठून गेलेल्या वस्तूंचा एवढा जिव्हाळ्याने केलेला संग्रह दुसरीकडे मिळणे कठीण. माझ्या विद्यार्थ्यांना मी तिथे आवर्जून नेते, कारण जुन्या गद्यातले निम्मे शब्द तिथे डोळ्यांना दिसतात. पण संग्रहालयाचे काम वस्तू जपण्याचे, घराचे काम वस्तू वापरण्याचे. जी जुनी वस्तू आजही कामाला येते ती घरात आणावी. जी येत नाही ती संग्रहालयाला शोभते. फुले काढली. पाट्यावर आता अधूनमधून चटणी वाटली जाते. घंगाळ न्हाणीघरात गेले.

आत्याबाईंची फळी

फळ्या बसल्या त्या संध्याकाळी मी आत्याबाईंना सांगितले, "खालून दुसरी आणि तिसरी फळी तुमची. दुसऱ्या कुणाचे काही त्यावर ठेवणार नाही." मुलीलाही बजावले. त्यांनी मान डोलावली. पिशवी कडीलाच होती.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात प्लास्टर निघाले. मनगट बारीक झाले होते, बोटे नीट मिटत नव्हती. नरकचतुर्दशीला, म्हणजे ३१ ऑक्टोबरला, पहाटे चारचा गजर लावून मी झोपले होते. पण गजराच्या आधीच मला जाग आली ती उटण्याच्या वासाने. बाहेर आले तर स्वयंपाकघरात बारीक उजेड. विजेचा दिवा लावलेला नव्हता. आत्याबाईंनी देवापुढची समई लावली होती, पाणी तापत ठेवले होते, घंगाळ पुसून पुढे ओढले होते आणि वाटीत तेल कोमट करून त्या बसल्या होत्या.

"दिवा नाही का लावायचा? अंधारात पडला असता," मी म्हटले.

"तुमची झोप मोडली असती," त्या म्हणाल्या. "आन् अंधार कसला? काडेपेटी हितं, वाटी हितं, उटणं तिथं. हाताला ठावं हाय समदं."

मी सहज वळून पाहिले. दुसऱ्या फळीवर पोथी होती, चष्म्याचे घर होते, मिसरीची डबी होती. तिसऱ्या फळीवर मामंजींचा फोटो टेकून ठेवलेला, आणि त्याच्या शेजारी दोन्ही लुगड्यांच्या घड्या. दाराची कडी मोकळी होती. पिशवी धुऊन, घडी घालून, त्यांच्या खुंटीला लावलेली होती. ती कधी रिकामी झाली, हे आम्हांला कुणालाच कळले नाही.

त्या दिवशी आम्हां सगळ्यांना आत्याबाईंनी तेल लावले; उजवा हात पुरेना म्हणून डाव्याने.

आता ही दिवाळी आली आहे. घरोघर साफसफाई चालू असेल. कपाटे रिकामी होतील, फळ्या पुसल्या जातील, डबे घासले जातील. ते सगळे पुन्हा लावण्यापूर्वी वाचक भगिनींना आणि बंधूंनाही माझी एक विनंती आहे. घरातले सगळ्यात म्हातारे माणूस आणि सगळ्यात लहान मूल, दोघांना भिंतीशी उभे करा आणि हात लांब करायला सांगा. पेन्सिलीने खूण करा. मग डबे लावा. त्या खुणेच्या खाली त्या दोघांची म्हणून एकेक फळी ठेवा, आणि एक खुंटी.

यंदाच्या साफसफाईत मीही तेच केले. भिंतीवरची आत्याबाईंची खूण गेल्या वर्षीपेक्षा अर्धा इंच खाली आली आहे. परवा सुतार येऊन फळी तेवढी उतरवून देणार आहे.